लावणीतले तेरा दिवस : शेतकऱ्याचं आजारपण कुठल्या खात्यात मांडायचं?

मेरेवरचा_माणूस | १५ डिसेंबर २०२४, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मळणी आटोपली, भात घरात आलं, आणि काल रात्री जमाखर्चाची वही घेऊन बसलो. बियाणं, खत, टिलरचं भाडं, बायामाणसांची मजुरी, सगळे रकाने भरले, तरी हिशेब लागेना. खर्च दरवर्षीइतकाच, पाऊस चांगला, रोग नाही, कीड नाही. मग भात कमी का?

कारण मला ठाऊक आहे. वहीत त्याला रकाना नाही, एवढंच.

गाव सिंधुदुर्गात, कुडाळच्या आसपास. मळ्यातली शेती ३२ गुंठे, शिवाय थोडी वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन. ८ जूनला तरवा, म्हणजे भाताची रोपं, पेरला. ५ जुलैपर्यंत १८ गुंठे लावून झाले, म्हणजे २५-२७ दिवसांचा तरवा, अगदी वेळेत. त्याच संध्याकाळी अंग मोडून आलं. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देववेना. म्हटलं दिवसभर टिलरच्या मागे चिखल तुडवलाय, दुखणारच. ताप आला तो भिजल्यामुळे, अशी स्वतःचीच समजूत घातली. दोन दिवस पॅरासिटामॉल खाल्ली. तिसऱ्या दिवशी आई तोंडाकडे बघून म्हणाली, "डोळे कित्याक असे लाल झाले तुझे? रात्री झोपलंस नाय?"

लेप्टो होता, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून होणारा ताप. चार दिवस खाजगी दवाखान्यात, नंतर घरी अंथरुणावर. सगळे धरून तेरा दिवस. उरलेले १४ गुंठे १८ जुलैला लावले तेव्हा तरवा ४० दिवसांचा झाला होता. वय झालेला तरवा लावला की फुटवे, म्हणजे बुंध्याचे नवे कोंब, फारसे येत नाहीत, हे इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

आता आकडे. वेळेत लावलेल्या १८ गुंठ्यांत ७ क्विंटल. त्याच हिशेबाने १४ गुंठ्यांत साडेपाचच्या जवळ यायला हवं होतं, आलं साडेतीन. दोन क्विंटल गेले. यंदाचा हमीभाव २,३०० रुपये, म्हणजे ४,६०० रुपये. दवाखान्याचे २१ हजार वेगळे. करून ठेवलेला चिखल बसला, म्हणून टिलर परत फिरवावा लागला, ते भाडं वेगळं.

खरा मार तर पुढेच बसला. दरवर्षी मी पावसाळी काकडी, पडवळ, दोडकी यांचा मांडव घालतो. गणपतीच्या बाजारात त्याचे दहा-बारा हजार हमखास येतात. ताप गेल्यावर महिनाभर अंगात जीव नव्हता. बांबू तोडून आणायलाच जमलं नाही, मांडव कुठला घालणार? वरकशीतली नाचणी तर लावलीच नाही. या दोन्ही गोष्टी "नुकसान" म्हणून कुठल्याच पंचनाम्यात यायच्या नाहीत, कारण त्या झाल्याच नाहीत.

आता लाज वाटते ते सांगतो. जूनमध्ये आशाताई येऊन लेप्टो होऊ नये म्हणून घ्यायच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देऊन गेल्या होत्या. फुकट. त्या देवळीत तशाच पडून होत्या. पहिल्या आठवड्यात एक घेतली, उपाशीपोटी घेतली असावी, दिवसभर मळमळलं. मळमळत असताना वाकून लावणी होत नाही. म्हणून दुसरी घेतली नाही. कामाचा एक दिवस वाचवला आणि तेरा घालवले.

तर विषय असा की शेतीच्या उत्पादकतेवर आपण इथे भरभरून लिहितो. बियाणं, माती परीक्षण, ठिबक. ज्या माणसाच्या अंगावर हे सगळं चालतं त्या अंगाचं काय? तुमच्याकडे काय अनुभव आहेत?

---

काजूबी | १५ डिसेंबर, रात्री १०.२२

पहिला प्रतिसाद माझा! मी तुमच्या शेजारची, दोडामार्गाकडची. आमच्याकडे लेप्टोपेक्षा माकडतापाची दहशत जास्त.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा आजार १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. आमच्या तालुक्यात २०१६ ला जोरात आला, त्याच सुमारास पलीकडे गोव्यात सत्तरीतही होता. गोचिडीतून माणसाला होतो. माकडं मरून पडायला लागली की समजायचं. आणि वेळ बघा कशी साधतो: जानेवारी ते मे. म्हणजे नेमका काजूचा हंगाम! वाळलेल्या पाल्यात बारीक गोचिडी असतात, आणि काजू बी तर पाल्यातूनच वेचायची असते.

२०१६-१७ मध्ये आमच्या बागेत बी वेचायला कुणी यायला तयार नव्हतं. गोचिडी चावू नयेत म्हणून अंगाला लावायला डेपाचं तेल मिळायचं, ते चोपडून मी, आई आणि काकी जायचो. घरी आल्यावर एकमेकींचे कपडे झाडून, अंग तपासून मगच घरात. निम्मी बी बागेतच राहिली. त्यातली काही साळिंदरांनी खाल्ली, काही पहिल्या पावसात रुजली. त्या वर्षी आमच्या घरात कुणीही आजारी पडलं नाही. तरी उत्पन्न अर्ध्यावर आलं. म्हणजे आजार अंगात शिरायचीसुद्धा गरज नाही, शेजारच्या वाडीत आला तरी पुरतो.

---

रोखठोक_राव | १६ डिसेंबर, सकाळी ७.१५

धागाकर्ते, तब्येतीला जपा. पण थोडं विरोधात बोलतो, राग मानू नका.

मी निफाडकडचा द्राक्षवाला. गेल्या वर्षी ऐन छाटणीत डेंग्यूने दहा दिवस झोपलो. बागेचं काय बिघडलं? काही नाही. टोळी आली, छाटणी झाली, काड्यांना पेस्ट लागली. उक्तं काम, म्हणजे ठरवून दिलेलं, पैसे दिले, विषय संपला. तेव्हा "शेतकरी आजारी म्हणून उत्पादन घटलं" हे सरसकट म्हणता येत नाही. तुमची अडचण आजार नाही, मजूर न मिळणं ही आहे. कोकणात सगळी तरणी पोरं मुंबईला. त्याला लेप्टो काय करणार?

---

आकडेमोड | १६ डिसेंबर, सकाळी ११.०५

रोखठोक_राव, तुम्ही नकळत एका जुन्या वादाची एक बाजू मांडलीत. इंडोनेशियातल्या शेतकरी कुटुंबांवर मार्क पिट आणि मार्क रोझेनझ्वाइग यांचा १९८६ चा अभ्यास आहे. त्यात हेच निघालं: घरातला माणूस आजारी पडला की त्याचे कामाचे दिवस घटतात, पण शेतीच्या नफ्यावर फारसा परिणाम दिसत नाही, कारण बाजारातून मजूर आणून भरपाई होते.

पण यात "मजूर मिळतो" हे गृहीत आहे. लावणीच्या पंधरवड्यात अख्ख्या गावाला एकाच वेळी माणसं हवी असतात, तेव्हा कुठून आणणार? आणि स्वतः मजूर असलेल्या माणसाचं काय? त्याच्या जागी दुसरा आला म्हणजे शेतमालकाचं भागलं, त्याची स्वतःची चूल थंडच.

दुसऱ्या बाजूचे पुरावे भक्कम आहेत. झांबियात कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना मच्छरदाण्या फुकट दिल्या आणि न दिलेल्यांशी तुलना केली. मच्छरदाणीवाल्यांच्या पिकाचं मूल्य जवळपास १५ टक्क्यांनी जास्त निघालं. खत नाही, बियाणं नाही, नुसती मच्छरदाणी! नायजेरियात ऊसतोड मजुरांची मलेरियाची तपासणी करून औषध दिलं, तर पुढच्या काही आठवड्यांत कमाई १० टक्क्यांच्या आसपास वाढली. तिथेही तोडणीचे पैसे कामाच्या मापावर मिळतात, त्यामुळे फरक थेट मोजता आला.

अवांतर पण आपल्या घरचं: अनिल देवळालीकर यांचा १९८८ चा एक शोधनिबंध आहे, इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने केलेल्या गावपाहणीच्या आकड्यांवर. या गावपाहणीत आपलं सोलापूरचं शिरापूर आणि अकोल्याचं कानझरा ही गावंही होती, १९७५ पासून. निबंधाचा निष्कर्ष गमतीचा आहे. त्या दिवशी माणूस किती जेवला याचा मजुरीशी आणि पिकाशी संबंध फारसा दिसला नाही. उंचीच्या मानाने वजन किती आहे याचा मात्र स्पष्ट दिसला. म्हणजे एक दिवस कमी जेवून अंग काम ओढतं. वर्षानुवर्षं कमी जेवलेलं अंग मात्र ओढू शकत नाही.

---

काळी_भुई | १६ डिसेंबर, दुपारी २.३०

आकडेमोड भाऊ, आकडे झकास. आता आमच्या यवतमाळचं ऐका.

२०१७. त्या साली कपाशी अशी वाढली होती की माणूस आत शिरला तर दिसत नव्हता. बोंडअळीनं पिसाळलं होतं. ज्यानं त्यानं औषधात औषध मिसळून फवारलं. पऱ्हाटी डोक्याच्या वर, म्हणजे फवारा खाली मारायचा नाही, वर मारायचा, आणि तो पूर्ण आपल्याच तोंडावर. भादव्यातलं ऊन, घामानं अंगावरची सगळी रंध्रं उघडी. जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, आठशेच्या वर दवाखान्यात पडली. सरकारनं मग पाच औषधांवर दोन महिन्यांची बंदी घातली, मोनोक्रोटोफॉस त्यातलंच एक. भाजीपाल्यावर तर ते २००५ पासूनच बंद होतं, पण दुकानात मिळते तर कोण थांबते?

माझा चुलतभाऊ त्यात सापडला. वाचला. पण वाचला म्हणजे काय, ते सांगतो. तो गावातला फवारणीचा पक्का माणूस. पंपामागे पैसे घेऊन दुसऱ्याच्या वावरात फवारायचा, स्वतःची तीन एकर वेगळी. त्यानंतर त्याला औषधाचा वास जरी आला तरी डोकं गरगरते. सूर्य माथ्यावर आला की डोळ्यापुढं अंधारी. फवारणी सुटली म्हणजे हंगामातली निम्मी मजुरी सुटली. आता त्याच्या तीन एकरातही दुसराच माणूस फवारतो, पैसे देऊन. हे कोणत्या हिशोबात घालता? मेलेल्यांची यादी झाली. अर्धवट राहिलेल्यांची कुठं आहे?

आणि ते किटचं आधीच सांगून ठेवतो, कोणी तरी विचारीलच. चष्मा, मास्क, रबरी हातमोजे, प्लास्टिकचा कोट. वाटले होते. भाऊ, ते घालून सप्टेंबरच्या उन्हात पंधरा लिटरचा पंप पाठीवर घेऊन एक तास फिरून दाखवा. विषानं नाही तर उकाड्यानं पडसान.

---

गावठी_दवाखाना | १६ डिसेंबर, रात्री ८.५०

डॉक्टर आहे, ग्रामीण भागात सतरा वर्षं. थोडी भर घालतो.

काळी_भुई यांचं किटबद्दलचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर आहे. हे किट थंड देशांतल्या हवेसाठी ठीक. आपल्याकडे घाम सुकला नाही की अंगाचं तापमान चढत जातं. म्हणून मी पेशंटना इतकंच सांगतो: सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर फवारा, वाऱ्याकडे पाठ करा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाला, तंबाखूची पुडी खिशात ठेवून फवारायला जाऊ नका, आणि घरी आल्या आल्या साबणाने आंघोळ. यातली तंबाखूची सूचना कुणी पाळत नाही. औषधाच्या हाताने चोळलेली तंबाखू थेट तोंडात जाते.

लेप्टोबद्दल. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या भेगा-जखमांतून आत शिरतात. पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल होणं ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की भातशेती करणाऱ्याने एक दिवसही थांबू नये. पहिल्या दिवसांत उपचार स्वस्त आणि सोपा असतो. नंतर कावीळ, मूत्रपिंड, फुफ्फुस. प्रतिबंधक गोळीचा डोस सहसा आठवड्यातून एकदाच, २०० मिलिग्रॅम, लावणीचे आठवडे संपेपर्यंत. भरल्या पोटी, तांब्याभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. मळमळ बरीच कमी होते. गरोदर बायका आणि लहान मुलांना ही गोळी देत नाहीत, म्हणून आपल्या मनाने वाटू नका, आशाताई किंवा आरोग्य केंद्रात विचारा.

धागाकर्त्यांनी "महिनाभर अंगात जीव नव्हता" लिहिलंय ते सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही कागदावर लिहितो "ताप उतरला, घरी सोडले". शेतकऱ्यासाठी बरं होणं म्हणजे ताप उतरणं नव्हे. पन्नास किलोचं पोतं परत उचलता येणं म्हणजे बरं होणं. या दोन तारखांमध्ये कधी कधी दीड-दोन महिने जातात.

---

तुळशीपाशी | १७ डिसेंबर, सकाळी ६.४०

रुमाल टाकून ठेवत होते, आता लिहितेच.

मी बीड जिल्ह्यातली, शाळेत शिकवते. दसऱ्यानंतर माझ्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी होतात. पोरं आईबापांबरोबर साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून "एक कोयता" धरतात. उचल दोघांच्या नावावर, आणि ती फिटेपर्यंत दोघांनी राबायचं. एकानं दांडी मारली की "खाडा". मुकादम त्याचे पैसे कापतो. म्हणजे आपण इथे शोधत बसलोय की आजारपणाची किंमत कोणत्या वहीत लिहितात. मुकादमाच्या वहीत लिहितात, आणि चोख लिहितात!

त्या खाड्याच्या भीतीने बायकांनी काय केलं ते २०१९ मध्ये बाहेर आलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. सहा जणींत एक. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास असतं. पाळीत काम थांबतं, अंगावरून जातं, कंबर धरते. कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीत, न्हाणीघर नाही, संडास नाही. मग कुणीतरी सांगतं की पिशवीच काढून टाक, कटकट जाईल. पस्तिशीच्या आत काढलेल्या बायका माझ्या ओळखीत आहेत. काढून कटकट गेली का? कंबरदुखी वाढली, हाडं ठणकतात, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पाय लटपटतात. चाळिशीत कोयता सुटतो. खाडा वाचवायला गेल्या आणि पुढची दहा वर्षं गमावून बसल्या.

मेरेवरचे दादा, तुमच्या त्या न घेतलेल्या गोळीची गोष्ट वाचून मला या बायकाच आठवल्या.

---

रोखठोक_राव | १७ डिसेंबर, सकाळी ९.३०

तुळशीपाशी ताई, वाचून गप्प झालो. माझ्याकडे येणाऱ्या टोळीत पेठ-सुरगाण्याच्या बायका असतात. त्यांच्यातली कुणी आजारी पडली तर मला कळतही नाही, दुसऱ्या दिवशी दुसरी येते. "बागेचं काही बिघडलं नाही" असं मी लिहिलं ते खरंच आहे. पण बिघडलं ते माझ्या वहीत येत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

मजुरांच्या टंचाईचा मुद्दा मात्र सोडत नाही.

---

ओवीमावशी | १७ डिसेंबर, दुपारी ४.१०

रावसाहेब, मोठं मन! 🙂

गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले होते. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. बहुतेकींनी त्यासाठी कधी डॉक्टरच पाहिला नव्हता. दुखणं अंगावर काढणं म्हणजे काय ते त्या आकड्यात दिसतं.

आणि रक्त कमी असणं! कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. चौथ्या फेरीत ४८ टक्के होत्या. वाढल्या! आमच्या साताऱ्याकडे आई लोहाच्या गोळ्या घ्यायची ती चहाबरोबर. चहाने लोह अंगी लागत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. लिंबू-पाण्याबरोबर घ्यायला लागली तेव्हा दोन-तीन महिन्यांत खुरपताना धाप लागायची थांबली. मी डॉक्टर नाही, घरचं सांगतेय.

---

आकडेमोड | १७ डिसेंबर, सायंकाळी ६.००

ओवीमावशी, यावर तर प्रसिद्ध प्रयोग आहे. सत्तरच्या दशकात इंडोनेशियात रबराचा चीक काढणाऱ्या मजुरांना साठ दिवस रोज लोहाची गोळी दिली. ज्यांना रक्तक्षय होता त्यांचं काम वाढत वाढत निरोगी मजुरांच्या बरोबरीला आलं. (दोडामार्गात आता रबराच्या बागा आहेतच. काजूबी, बघा कुणी मनावर घेतंय का!)

काळी_भुई यांच्या उन्हाच्या मुद्द्यावर: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालात अंदाज आहे की २०३० पर्यंत भारतात उष्म्यामुळे ५.८ टक्के कामाचे तास बुडतील. म्हणजे साडेतीन कोटींच्या आसपास पूर्णवेळ माणसांचं काम. जगभरात बुडणाऱ्या तासांतला साठ टक्के वाटा शेतीचा.

---

काळी_भुई | १७ डिसेंबर, रात्री ९.१५

२०३० कशाला? आमच्याकडं मे महिन्यात अकरानंतर वावरात कुत्रं दिसत नाही. पहाटे पाचला निघतो, दहाला परत. संध्याकाळी परत दोन तास. दिवस एक, खेपा दोन. कामाचे तास तेवढेच धरले तरी चालण्यात जीव जाते.

बरं, साप-विंचवाचं कोणीच बोललं नाही. रातच्या लाइटीत ओलीत करायला जाणारा माणूस अंधारात पाय कुठं ठेवते?

---

गावठी_दवाखाना | १८ डिसेंबर, सकाळी ८.००

थोडक्यात लिहितो, ओपीडी आहे. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले असा अभ्यास आहे, त्यात सगळ्यात जास्त खेड्यांतले, पावसाळ्यातले. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं ते २०१७ मध्ये. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर आपली प्रतिविष लस चालते. बांधू नका, कापू नका, चोखू नका, हात-पाय हलवू नका, गाडी काढा. घोणस-फुरशातून वाचलेल्या माणसाचा पाय किंवा बोट अनेकदा कायमचं जायबंदी होतं, म्हणजे पुन्हा काळी_भुई यांचा "अर्धवट राहिलेला" माणूस.

विंचवाबाबत चांगली बातमी आपल्याच मातीतली. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी दवाखान्यात पोहोचलेल्यांतलेही शंभरातले चाळीस जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून ते प्रमाण एक टक्क्यावर आणलं. छोट्या गावात काम करून. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणखी एक, कुणाच्या कामी येईल म्हणून: सर्पदंश, विंचूदंश, फवारणीतली विषबाधा, वीज पडणं, यात मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन लाखांचं अनुदान आहे. अर्जाबरोबर कागद लागतात, म्हणून दवाखान्याचा एकही कागद टाकू नका. लेप्टो मात्र त्यात बसत नाही. तो अपघात नाही, आजार आहे.

---

मेरेवरचा_माणूस | १८ डिसेंबर, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेब, शेवटचं वाक्य वाचून हसू आलं आणि रागही. साप चावला तर अपघात, उंदीर मुतला तर आजार.

हा धागा काल बायकोला वाचून दाखवला. रोखठोक_राव यांच्या पहिल्या प्रतिसादाला तिने मान हलवली, "बरोबर सांगतत ते." मग वही मागितली. माझी बेरीज वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "माझे दिस खंय आसत हेच्यात?"

मी गप्प. ती सांगत गेली तसं लिहून घेतलं. चार दिवस माझ्याबरोबर दवाखान्यात, बाकावर बसून. त्या चार दिवसांचं दूध शेजारणीने काढलं, त्याच्या बदल्यात हिने तिच्याकडे दोन दिवस लावणी केली. उरलेले १४ गुंठे हिने आणि माझ्या बहिणीने लावले, मी मेरेवर, म्हणजे बांधावर, बसून तरव्याच्या मुठी फेकत होतो (सदस्यनामाला जागलो म्हणायचं). नंतर भांगलणी एकटीने. त्या दिवसांत तिचा गुडघा सुजला तो अजून उतरलेला नाही, तरी कापणी झाली. तिचे दिवस मोजले तर सव्वीस भरले. माझ्या तेराच्या दुप्पट.

४०० रुपये मजुरीने तिचे १०,४०० झाले. वहीत लिहिले. "कोणाक देतलास ते?" असं विचारून ती झोपायला गेली.

---

तुळशीपाशी | १९ डिसेंबर, सकाळी ६.५५

वहिनींना नमस्कार सांगा. आणि गुडघा दाखवून घ्या.

---

काजूबी | १९ डिसेंबर, सकाळी ८.२०

+१. वाचनखूण साठवली.

---

मेरेवरचा_माणूस | ११ जून २०२५, रात्री ९.०५

धागा वर काढतोय. यंदा पावसाने मे महिन्यातच घोळ घातला. २५ मेला कोकणात येऊन धडकला. धूळवाफेची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली, पेरणी राहून गेली, आता चिखलात रहू करून, म्हणजे मोड आणलेलं बी फेकून, तरवा टाकलाय. पाणी दरवर्षीपेक्षा आधीच साचलंय, म्हणजे उंदरांचंही आधीच सुरू.

आशाताई परवा गोळ्या देऊन गेल्या. पहिली घेतली, उकड्या तांदळाची पेज आणि माशाचं सार पोटात गेल्यावर. मळमळ नाही. डॉक्टरसाहेब, धन्यवाद. गोळ्या आता देवळीत नाहीत, हिने चहाच्या डब्याला रबराने बांधून ठेवल्यात. हिचा गुडघा कुडाळला दाखवला, झीज आहे म्हणाले, वाकून काम कमी करा. लावणीच्या तोंडावर!

एक प्रश्न. पायाला भेगा आहेत, म्हणून गमबूट आणले. चिखलात दोन पावलं टाकली की पाय बाहेर येतो आणि बूट तिथेच राहतो. कुणी वापरलेत का लावणीला? काही युक्ती?

---

काळी_भुई | ११ जून, रात्री ९.४०

आमच्याकडं काळ्या मातीत तर बुटाबरोबर अर्धं वावर घरी येते, म्हून मी काही सांगू शकत नाही.

---

गावठी_दवाखाना | ११ जून, रात्री १०.१५

गमबूट मेरेवर आणि गोठ्यात घाला, तिथेही धोका तेवढाच असतो. लावणीत ते टिकत नाहीत, मला ठाऊक आहे. काही पेशंट भेगांवर रात्री मेण आणि खोबरेल तेल गरम करून लावतात, सकाळपर्यंत भेग मऊ होते. उघडी जखम असेल तर चिकटपट्टी लावून वर घट्ट मोजा चढवा, आणि दुपारी जेवायला बाहेर आलात की साबणाने पाय धुवा. वहिनींनाही सांगा, गोळी त्यांचीही आहे.

---

मेरेवरचा_माणूस | ११ जून, रात्री १०.३२

तिची तिने आधीच घेतली. माझ्याच मागे लागावं लागतं.